सुटीवरचा बाप

चहा निवायच्या आत आबांचं युद्ध सांगून संपलं. पेन्शनीचा विषय मात्र दुपारची भाकरी खाऊन झाली तरी चालूच होता.

संपादकांनी यंदाच्या अंकाला 'रणांगण' हा विषय घेतलेला. सातारा जिल्ह्यात माजी सैनिकांना तोटा नाही, एखाद्याला गाठा आणि एकाहत्तरची बांगलादेशातली लढाई वदवून घ्या, असा त्यांचा निरोप होता. म्हणून वडूज गाठलं. खटाव तालुक्याचं हे ठाणं येरळेच्या काठी आहे, पण नदीत पाणी बघायला नशीब लागतं. कचेरीवर तिरंगा लावायला निघालेल्या मोर्चावर १९४२ च्या सप्टेंबरात इथंच गोळीबार झाला होता. माण-खटावच्या या पट्ट्यात पाऊस कमी, जमीन हलकी, त्यामुळे पोटासाठी बाहेर पडायच्या वाटा ठरलेल्या. एक मुंबईच्या गिरणीची, दुसरी सोन्या-चांदीच्या गलाई कामाची, तिसरी पलटणीची. गिरण्या गेल्या. पलटण राहिली.

आबा १९६७ साली भरती झाले आणि १९८५ साली हवालदार म्हणून घरी आले. घरचे त्यांना आबा म्हणतात, गल्लीतले हवालदारसाहेब, आणि त्यांच्या वयाची उरलीसुरली माणसं फौजी. लेखात नाव घालू का, असं विचारल्यावर म्हणाले, "नाव नका छापू. आमच्या घरातल्या नावांनी सरकारदरबारी आधीच लई घोळ घातलाय." हा घोळ काय होता ते पुढे येईलच. आमच्या बोलण्याचा निम्मा वेळ त्यातच गेला आणि त्याची हळहळ मला वाटत नाही.

"शाळू कसा हाय?"

आबा पहिल्या मराठ्यातले. मराठा लाइट इन्फंट्रीची ही पहिली बटालियन, फौजेत तिला 'जंगी पलटण' म्हणतात. भरतीनंतर बेळगावच्या सेंटरला ट्रेनिंग, कसम परेड, मग पलटण. डिसेंबर १९७१ मध्ये ही पलटण ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांच्या ९५ माउंटन ब्रिगेडमध्ये होती. मेघालयाच्या बाजूनं खाली उतरायचं आणि ढाक्याच्या दिशेनं जायचं, असा हुकूम. वाटेत आडवं होतं जमालपूर. जुन्या ब्रह्मपुत्रेच्या दक्षिण काठावरचं हे गाव पाकिस्तानच्या ३१ बलुच पलटणीनं पक्कं धरून ठेवलेलं.

क्लेर यांनी समोरून डोकं आपटलं नाही. लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखालची पहिली मराठा आणि तेरावी गार्ड्स नदी ओलांडून गावाच्या पाठीशी जाऊन बसल्या, टांगाईलकडे जाणारा रस्ता अडवून. मग क्लेर यांनी बलुच पलटणीच्या कर्नल सुलतान अहमद यांना शरण येण्याविषयी पत्र पाठवलं. उत्तर आलं ते लढायची भाषा करणारं, आणि कागदात गुंडाळलेली एक गोळी. १० डिसेंबरच्या रात्री बलुच पलटणीनं गाव सोडून टांगाईलच्या रस्त्यानं निसटायचा प्रयत्न केला, तो नेमका मराठ्यांच्या मोर्चांवर. पहाटेपर्यंत चाललेल्या त्या चकमकीत त्यांची दोनशेहून जास्त माणसं पडली. सकाळी जमालपूर हाती आलं.

ही झाली पुस्तकातली लढाई. पत्राचा आणि गोळीचा किस्सा आबांना माहीत आहे, पण तो त्यांना नंतर, पलटणीच्या दरबारात ऐकून कळला. त्या रात्री त्यांना माहीत होता तो फक्त आपला खड्डा. ते प्लाटूनच्या दोन इंची मॉर्टरवर होते. "खोदत होतो आमी. दिवसभर खोदायचं. माती भिजलेली, मऊ. आमच्या माणदेशात असली माती आसती तर कशाला फौजेत आलो आसतो?" रात्री अंधारातून माणसांचा लोंढा आल्याचं ते एका वाक्यात सांगतात. पुढे काय झालं, असं मी दोनदा वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारून पाहिलं. दोन्ही वेळा उत्तर आलं, "मग उजाडलं."

त्याच ११ डिसेंबरला दुपारी टांगाईलजवळ दुसरी पॅरा विमानांतून उतरली. लोहाजंग नदीवरच्या पुंगली पुलाचा ताबा घेण्यासाठी. या पॅरा पलटणीचं मूळ मराठ्यांचंच. पूर्वीची तिसरी मराठा हीच पुढे दुसरी पॅरा झाली. म्हणजे जमालपूरहून खाली येणारी पहिली आणि आभाळातून उतरलेली जुनी तिसरी, अशा एकाच घराण्यातल्या दोन पलटणी बांगलादेशातल्या एका पुलापाशी भेटल्या. दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव पहिल्या पलटणीतले आणि यशवंत घाडगे तिसऱ्यातले. लष्करी इतिहासाची आवड असलेल्या माणसाला त्या पुलावर पुष्कळ काही दिसेल.

आबांना दिसला तो आपल्या तालुक्यातला माणूस. "पॅरातला एक भेटला आपल्या हिकडचा. नुकताच सुटी काटून आल्याला. मी इच्यारलं, शाळू कसा हाय? तो म्हणला, काय खरं न्हाई गड्या, पाऊस दगा देतूय." ढाक्याला जायच्या वाटेवर दोन मराठी जवान रब्बीच्या ज्वारीचं बोलत होते, आणि जे बोलले त्यात पुढच्या दुष्काळाची चाहूल होती. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. तिथं काय पाहिलंत, असं विचारल्यावर म्हणाले, "गर्दी."

एवढ्यात चहा संपला.

केअर ऑफ ९९ एपीओ

आबांच्या पत्नी माई तोवर उंबऱ्याशी बसून शेंगा फोडत होत्या. आबांच्या बोलण्यात त्यांनी एकदाच तोंड घातलं: "ह्यांच्या लढाया चौदा दिवसांच्या. माझी सोळा वर्षं."

लग्न १९६९ चं, सुटीत झालेलं. सुटी दोन महिन्यांची, त्यातले पंधरा दिवस लग्नाच्या धामधुमीत गेले, बाकीचे शेतात. नवरा गेला तो बेळगावला गेला एवढं कळलं. पुढे तो कुठं आहे ते पत्त्यावरून कळायचं नाही, कारण पूर्वेकडच्या सगळ्या फौजेचा पत्ता एकच: नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि केअर ऑफ ९९ एपीओ. आंतर्देशीय पत्र तिथं टाकायचं, पुढे ते नागालँडमध्ये गेलं की आगरतळ्याला, ते टपालवाल्यांना ठाऊक. माईंना लिहिता येत नव्हतं. शाळेतले गुरुजी पत्र लिहून देत आणि आलेलं वाचून दाखवत, म्हणजे नवरा-बायकोच्या बोलण्यात कायमचा एक गुरुजी बसलेला. "मग काय लिवणार? समदी खुशाल हाय, म्हस याली."

घर चालायचं मनिऑर्डरीवर. जवानाच्या पगारातून ठरलेली रक्कम कापून दरमहा घरी जायची, तिला फौजेत 'फॅमिली अलॉट' म्हणतात. त्यात फॅमिली हा शब्द असला तरी पैसे यायचे सासऱ्यांच्या नावावर. पोस्टमन ओसरीवर बसायचा, सासरे सही करायचे, पोस्टमनला चहा जायचा तो माईंच्या हातचा. पैसा किती आला ते त्यांना सासरे वारल्यावर कळलं. अशी पद्धत घरोघर होती. मुलगा फौजेत गेला म्हणजे बापाला पगार सुरू झाला, असंच गणित मांडलं जाई, आणि त्या पैशातून विहीर खोदली जाई, धाकट्या भावांचं शिक्षण होई, नणंदेचं लग्न लागे. सुनेच्या वाट्याला कुंकू आणि काळजी.

कधीमधी आबा वरचे पाच-दहा रुपये स्वतः पाठवायचे. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली एक पट्टी असायची, निरोपापुरती. पोस्टमन ती कापून घरच्यांच्या हातात द्यायचा. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात माईंनी तशी एक पट्टी जपून ठेवली आहे. कागद पिवळा पडून घड्यांवर फाटलाय. निळ्या शाईत, बोटभर जागेत, अक्षरं एकमेकांना चिकटवून लिहिलंय: शाळूला पाणी द्यावे. पोरीला डॉक्टरास दाखवावे. माझी काळजी करू नये. बायकोचं नाव कुठंच नाही. ते लिहायची रीतच नव्हती. पण "पोरीला" या शब्दाखाली रेघ ओढलेली आहे. थोरली लेक तेव्हा वर्षाची होती आणि बापानं तिला तोवर पाहिलेलं नव्हतं.

युद्ध संपल्याचं माईंना कळलं ते गुरुजींच्या रेडिओवरून. नवरा जिता आहे हे कळायला मात्र पुढचं पत्र यावं लागलं, आणि ते संक्रांतीनंतर आलं. मधल्या दिवसांविषयी त्या काही बोलल्या नाहीत. शेंगा फोडायचा वेग तेवढा वाढला.

मग आबा सुटीवर आले ते दुष्काळात. १९७२ च्या पावसानं पाठ फिरवलेली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरात दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसं राबत होती, त्यांतल्या एक माई. खडी फोडायच्या कामावर. छातीवर युद्धाची फीत लावलेला जवान गावच्या स्टँडवर उतरला, घरी आला तर घरात म्हातारी आणि पोर. बायको कुठं? खडीच्या कामावर. तो ट्रंक ठेवून तसाच कामावर गेला. तिथं मुकादमानं युनिफॉर्म बघून सलाम ठोकला आणि माईंनी पदरानं तोंड झाकून घेतलं. "लाज वाटली व्हय?" मी विचारलं. "लाज कशाची? त्वांडावर धुराळा बसल्याला, वळकू यावं म्हनून पुसत हुते." सुटीभर आबाही तिच्या शेजारी बसून खडी फोडत होते. हजेरीपटावर त्यांचं नाव चढवायला मुकादम तयार नव्हता, सरकारी नोकर म्हणून. तेव्हा माईंच्या नावावरच दोघांची फोडलेली खडी मोजली गेली.

नाव कापून आल्यावर

जवानाला पेन्शन बसायला पंधरा वर्षं नोकरी लागते. अठराव्या वर्षी भरती झालेला पोरगा पस्तिशीच्या आसपास पेन्शनर होतो. आपण युद्धातल्या माणसाची गोष्ट युद्धाशी संपवतो. पण पस्तीस-छत्तीस हे वय इतरांच्या नोकरीत बढतीचं असतं, आणि फौजी त्या वयात काळी ट्रंक आणि होल्डॉल घेऊन एसटीतून उतरतो. त्याच्यापुढे आणखी चाळीस-पन्नास वर्षं पडलेली असतात. माझ्या मते त्याची अवघड पोस्टिंग ही.

वडिलांनी अंथरूण धरलं म्हणून आबा १९८५ मध्ये "नाव कापून" आले. स्वतःहून निवृत्ती घेतली तर फौजी हेच शब्द वापरतात. घरी तीन पोरं: थोरली पंधराची, मधली अकराची, धाकटा सात वर्षांचा. त्यांना बाप माहीत होता तो सुटीतला. सुटीतला बाप खारीक-बदाम आणतो, कँटीनचा साबण आणतो, रागवत नाही, आणि रडारड होऊन एक दिवस जातो. हा बाप गेलाच नाही.

थोरली लेक आता कोरेगावला दिली आहे, माझ्या भेटीच्या दिवशी माहेरी आलेली होती. ती सांगते, "दोन महिने झाले तसं धाकट्यानं आईला इचारलं, ह्ये पाव्हणं कवा जाणार?" आबा हसले, पण त्या वेळी हसले नव्हते. पहाटे पाचला शिट्टी. अंथरुणाच्या घड्या चौकोनी. भाकरी वेळेवर. सोळा वर्षं जे घर बाईनं आपल्या अक्कलहुशारीनं चालवलं, बियाण्यापासून पोरांच्या लसीपर्यंत, तिथं एक हवालदार येऊन ड्यूटी लावू लागला. म्हैस कुठं बांधायची यावरून नवरा-बायकोत पंधरा दिवस अबोला होता. आबा भिंतीकडे बघत म्हणाले, "फौजेत हुकूम सुटला की काम व्हतं. हितं हुकूम सुटला की भांडण व्हतं." म्हैस माईंनी बांधलेल्या जागीच राहिली.

मग दुसरी भरती. सरकारी बँकांत आणि उपक्रमांत माजी सैनिकांना राखीव जागा असतात, कारकुनीला साडेचौदा टक्के, शिपाई-गार्डच्या वर्गात साडेचोवीस टक्के. राज्य सरकारच्या भरतीत पंधरा टक्के समांतर आरक्षण. आबांना सरकारी बँकेच्या एका शाखेत गार्डची जागा मिळाली. खांद्याला बारा बोअरची दुनळी, डोक्यावर टोपी, दाराशी स्टूल. कोषागारातून रोकड आणायची असली की जीपमध्ये पुढे बसायचं. बंदूक वर्षातून एकदा सरावाला चालवली तेवढीच. बाकी दिवसभर काम काय? शटर उघडणं, पासबुकं नेऊन देणं, अडाणी माणसांच्या स्लिपा भरणं, आणि मॅनेजरकडे पाहुणा आला की चहा सांगणं.

हा चहा आबांच्या गळ्यात बरीच वर्षं अडकला होता. हाताखाली दहा माणसं वागवलेला हवालदार, त्याला त्याच्याहून वयानं लहान कारकून "ए मामा, दोन कट" म्हणून सांगे. पहिल्या वर्षी दोनदा राजीनामा लिहून खिशात घालून नेला. देऊ का म्हणून माईंना विचारलं, तेव्हा त्यांनी थोरलीच्या लग्नाचा खर्च तोंडी मांडून दाखवला. राजीनामा खिशातच धुऊन निघाला. पुढे आबांनी आपली तोड काढली. कारकुनाला चहा आणून द्यायचा तो सावधानमध्ये उभं राहून, टाच आपटून, "साब, चाय" असं खणखणीत म्हणून. ग्राहक माना वळवून बघायचे. आठवड्याभरात कारकून स्वतः टपरीवर जायला लागला.

त्या वीस वर्षांच्या पगारातून दोन्ही लेकींची लग्नं झाली, माळावर बोअर पडली, मुलानं टेम्पो घेतला. युद्धातल्या चौदा दिवसांच्या बक्षिशीवर यातलं काहीही उभं राहिलेलं नाही.

कागदावरची बायको

आता तो घोळ.

जवानाचं लग्न झालं, मूल झालं, की त्यानं पलटणीच्या ऑफिसात कळवायचं असतं. क्लार्क त्याची नोंद 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये छापतो, ती रेकॉर्ड ऑफिसला जाते. मराठ्यांचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला. माणूस मेल्यावर बायकोला पेन्शन मिळणार ती या नोंदीच्या जोरावर. जवान तेविशीत असतो, पुढे चाळीस वर्षांनी काय लागेल याचा विचार कोण करतो? त्यात आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. आबांनी क्लार्कला सांगितलं ते माहेरचं नाव, कारण सासरचं नाव त्यांच्याच जिभेवर बसलेलं नव्हतं. क्लार्क परप्रांतातला, त्यानं ते इंग्रजीत कानाला लागलं तसं लिहिलं. घरी रेशनकार्डावर, मतदार यादीत, पुढे आधारवर सासरचं नाव. जन्मतारीख आधारवर एक जानेवारी, फौजेच्या कागदात दुसरीच. म्हणजे सरकारच्या लेखी आबांना एक बायको बेळगावात होती आणि एक वडूजला, आणि पेन्शन पहिलीला मिळणार होती.

कुटुंब पेन्शनीचा साधा दर शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. रक्कम छोटी असली तरी म्हातारपणी बाईच्या हातात स्वतःच्या नावानं येणारा तो बहुधा पहिला पैसा असतो. या भागात कितीतरी जणींना नवऱ्याच्या तेराव्यानंतर कळतं की कागदावर आपण नाहीच. मग सुरू होतं: दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहिरात, शाळेचा दाखला असेल तर तो, साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची खेप, तिथून अर्ज रेकॉर्ड ऑफिसला, तिथं नवी पार्ट टू ऑर्डर, मग प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडून दुरुस्त पेन्शन आदेश (पीपीओ). नवरा जिवंत असताना हे त्याच्या सहीनं निभतं. तो गेल्यावर सही कुणाची आणायची?

आबांना जाग आली ती एका मित्राच्या मयतीनंतर. वहिनीची परवड बघितली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची फाइल काढली. दोघांचा जोडीनं फोटो लागतो म्हणून फोटो स्टुडिओत गेले. लग्नानंतर जोडीनं काढलेला हा त्यांचा पहिला फोटो. तो फ्रेम करून भिंतीवर लावलाय, मेडलांच्या शेजारी, आणि मेडलांपेक्षा थोडा वर. नोंद दुरुस्त होऊन यायला दीड वर्ष गेलं. त्या काळात आबांना साधा ताप आला तरी माई म्हणायच्या, "कागद यिस्तवर काय बी हूं देऊ नका."

हे शिकल्यापासून हवालदारसाहेबांच्या ओसरीवर वर्दळ असते. पेन्शनीचे कागद आता स्पर्श नावाच्या पोर्टलवर गेलेत. पेन्शनर हयात असल्याचा दाखला दर नोव्हेंबरात द्यावा लागतो, ऐंशीच्या पुढच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो. आधी अंगठा लावायचा होता, पण जन्मभर खोरं धरलेल्या अंगठ्यांवर रेषाच उरलेल्या नसतात, मशीन घेत नाही. २०२१ पासून चेहरा दाखवूनही दाखला निघतो. आबांचा नातू आपल्या मोबाइलवर म्हाताऱ्यांचे चेहरे काढतो, आबा शेजारी उभे राहून "डोळं मिचकाव, मिचकाव" असं ओरडतात. मोतीबिंदू झालेला माणूस मिचकावतो तेव्हा कॅमेऱ्याला ते पटत नाही. मग पुन्हा.

ऐंशी पूर्ण झाली की मूळ पेन्शनीत २० टक्के वाढ मिळते. यावर ओसरीवर खूप हशा असतो, कारण भरतीच्या वेळी खऱ्या वयाला कोण विचारत होतं? मिसरूड फुटलेला पोरगा दोन वर्षं वाढवून सांगे. आता तीच थाप साठेक वर्षांनी पिकायला आलीय. कागदावरची ऐंशी खऱ्या ऐंशीच्या आधी येते. "सरकारला एवढंच फशिवलं आयुष्यात," एक पेन्शनर म्हणाले आणि कँटीनच्या कोट्याकडे चर्चा वळली. महिन्याच्या ज्या आठवड्यात कोटा येतो त्या आठवड्यात फौजीच्या पुतण्यांचं काकांवरचं प्रेम उतू जातं, हे मी वेगळं सांगायला नको.

शिवाजी स्टेडियम, कराड

दर डिसेंबरात कराडला विजय दिवस समारोह होतो. कर्नल संभाजी पाटील यांनी तो सुरू केला आणि एका तालुक्याच्या गावात बांगलादेशच्या विजयाची आठवण दरसाल एवढ्या थाटानं निघावी, ही गोष्ट साधी नाही. कराड हे यशवंतराव चव्हाणांचं गाव. चीनच्या युद्धानंतर संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले ते इथलेच. सैनिकी सातारा म्हणतात त्याला जुनी मुळं आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, तेव्हापासून त्या गावाच्या नावापुढे मिलिटरी हा शब्द लागतो तो आजतागायत.

आबा कराडला जातात. गेल्या खेपेला मी सोबत होतो. वडूज स्टँडवर एसटीत चढताना त्यांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती, तिच्यात रुमालात गुंडाळलेली मेडलं. स्टेडियमच्या दाराशी पोचल्यावर कोटाला लावायची, आधी नाही. गाडीत लावली तर लोक जागा देतात आणि मग वाटभर गोष्ट सांगावी लागते. मेडलं म्हणजे पूर्वी स्टार, संग्राम मेडल, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हाचं मेडल. आबांनी एक माझ्या तळहातावर ठेवलं आणि कडेवर नखानं दाखवलं. मेडलाच्या जाडीवर, भिंग लागेल एवढ्या बारीक अक्षरात, नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. "ह्ये बघा. हितं बरूबर लिवलंय."

मैदानात कवायती झाल्या, बँड झाला, आकाशातून छत्रीधारी उतरले. समोरच्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्यांना शाल, श्रीफळ. मध्येच शाळेतली दोन मुलं वही घेऊन आबांपाशी आली. एकानं विचारलं, "आजोबा, तुम्ही किती शत्रू मारले?" मी कान टवकारले. जो प्रश्न मला धीर करून विचारता आला नव्हता तो पाचवीतल्या पोरानं विचारला. आबा म्हणाले, "बाळ, मॉर्टरवाल्याला दिसत न्हाई कुटं पडलं ते." पोरानं वहीत लिहून घेतलं. थोड्या वेळानं आबांनी त्याला परत बोलावलं आणि विचारलं, "तुझ्या वर्गात फौजीची पोरं हायत का? आसली तर त्यांच्या आईचं नाव काय लिवलंय बघायला सांग." पोरगं गोंधळून निघून गेलं.

सोळाशे मीटर

नातू एकोणीसचा. पहाटे माळावर पळतो, सोळाशे मीटर. आता भरती अग्निवीर म्हणून होते, जून २०२२ मध्ये ती योजना आली. चार वर्षं नोकरी, शंभरातल्या फार तर पंचवीस जणांना पुढे कायम करायचं, बाकीच्यांना साडेअकरा लाखांच्या वर सेवा निधी देऊन घरी पाठवायचं. पेन्शन नाही. म्हणजे आजोबा छत्तिशीत परतले, नातू परतला तर तेविशीत परतेल.

यावरून घरात रोज वाद आहे. नातवाची आई नको म्हणते. टेम्पोवाल्या मुलाचं मत, चार वर्षं शिस्त लागेल आणि भांडवल मिळेल. अकॅडमीची फी त्यानंच भरली आहे. आबांचं मत घरात कुणालाच नीट कळलेलं नाही. पोरगा पळतो तेव्हा ते बांधावर घड्याळ घेऊन उभे असतात आणि शेवटच्या फेरीला अशा शिव्या घालतात की रानातली पाखरं उठतात. घरी आले की मात्र कागदावर आकडे मांडत बसतात.

माझ्या भेटीच्या दिवशी जेवताना त्यांनी हिशेब वाचून दाखवला. सेवा निधीत बोअर पुन्हा खोल करून होईल, पाइपलाइन होईल, दोन म्हशी होतील, वर थोडं बँकेत राहील. "बरं. आन् त्याच्या फुडल्या म्हैन्याला?"

"पुढल्या म्हैन्याला बँकेत गार्ड," नातू म्हणाला. "साब, चाय."

सगळे हसले. माई हसल्या नाहीत. त्यांनी नातवाच्या ताटात भाकरी वाढली आणि विचारलं, "चार वरसात लगीन करू देत्यात का रं?"

"न्हाई आजी. लग्न न झालेलाच लागतो."

"मग बरं हाय," माई म्हणाल्या. "तेवढा एक कागूद तरी वाचला."